रेशमाला चालणारे हात

“हात.”

मावशी एवढंच म्हणाल्या आणि तुफानने दोन्ही हात पुढे केले. आधी पालथे, मग उताणे. मावशींनी बोटभर रुंदीची पांढरी रेशमी पट्टी तिच्या मनगटावर ठेवली आणि बोटांच्या टोकांपर्यंत हलकेच ओढत नेली. डावा हात पार पडला. उजव्या अंगठ्यापाशी मात्र पट्टी किंचित अडली आणि एक तंतू वर आला.

“धरलं गं सासूने!” मागून कोणीतरी ओरडलं आणि रांगेत हशा पिकला.

“नाही हो मावशी, धरलं नाही. जरा दम खायला थांबली होती ती.”

“काल काय घासलंस?”

“काही नाही. पोरांचे बूट.”

“पाण्यात काय घातलं होतंस?”

तुफान हे नाव तिला बायकांनीच ठेवलेलं. एरवी तिला गप्प बसवणं म्हणजे उघड्या नळाला गप्प बसवणं. पण आता तिने छताकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं आणि शेवटी पुटपुटली, “सोडा. पण चिमूटभरच हो!”

“आज पुठ्ठा,” मावशी म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. “हात.”

रेशमी स्कार्फ बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्यात शेवटचं दालन कडा वळणाऱ्या बायकांचं. विणून, रंगवून, कापून आलेल्या रेशमाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सुतळीपेक्षाही बारीक गुंडाळायची आणि दिसणार नाही अशा टाक्याने शिवायची, एवढंच काम. यंत्राने ते होतं, पण यंत्राची कड चपटी बसते आणि हाताची कड गोल राहते. जी माणसं त्या गोलाईचे पैसे मोजतात त्यांना ती लांबून ओळखू येते म्हणे. आता या कामात शिलाई दुय्यम, खरी गंमत कातडीची. बोटाला जरा कोंडा धरला, जराशी साल निघाली, की रेशमाचा धागा त्यात अडकतो आणि कापडावर आडवी रेघ उमटते. ती रेघ मग देवाला सांगूनही जात नाही. म्हणून रोज सकाळी कामाला बसण्याआधी ही पट्टी सगळ्यांच्या हातांवरून फिरायची. बायकांनी तिचं नाव सासू ठेवलं होतं. बरोबरच होतं, बरं काम केल्याचं ती कधी सांगायची नाही, चूक मात्र तेवढी पकडायची.

मग हाताला तेल चोपडून यावं की! नव्याने आलेल्या प्रत्येकीला ही अक्कल पहिल्या आठवड्यात सुचते. तिचं पहिलं रेशीम डागाळून कचऱ्यात गेलं की मग ती उतरते. इथे हात मऊही हवा आणि कोरडाही हवा. त्याची तोड एकच, जे काय करायचं ते घरी, आदल्या दिवशी करायचं. हात कोमट पाण्याने धुवायचे, साबण सौम्य घ्यायचा, टॉवेलने खसाखसा न पुसता नुसतं टिपून घ्यायचं आणि कातडी ओलसर आहे तोवर मलम लावून सुती मोजे चढवायचे. सकाळी ते धुऊन टाकायचं. आणि भांडी, कपडे, फरशी यांच्या वाटेला जायचं नाही. त्यामुळे या दालनात काम करणाऱ्या बाईच्या घरी एकतर नवरा भांडी घासायला शिकतो, नाहीतर बाई काम सोडते. तिसरी वाट अजून कोणाला सापडलेली नाही.

जिला सासूने धरलं तिची रवानगी त्या दिवसापुरती पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या खोलीत, खोकी दुमडायला. पुठ्ठा मोठा लबाड. हातातला होता नव्हता तेवढा ओलावा तो शोषून घेतो, त्यामुळे एका दिवसासाठी गेलेली बाई आठवडाभर अडकते. तरुण हात परत येतात. पन्नाशीनंतर पुठ्ठ्यावर गेलेली बाई पुन्हा रेशमावर आल्याचं मात्र कोणाच्याच आठवणीत नव्हतं.

मावशींनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. पण त्यांचे हात असे की नव्या मुली कौतुकाने बघायला यायच्या. सगळ्यात झिरझिरीत जे रेशीम येई, ज्याला बायका ‘धुकं’ म्हणत, ते फक्त मावशींच्या पुढ्यात पडायचं. आणि मावशींचे हात तपासायचे असतात हे कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं, खुद्द मावशींच्यासुद्धा.

या हातांचं गुपित विचारलं की मावशी लाजायच्या आणि म्हणायच्या, “आमच्या घरात पाण्याचं खातं यांच्याकडे आहे.”

हे म्हणजे काका. काकांचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. छताला नुसते दांडे लटकलेले, टेबलावर पाती, वाट्या, तांब्याच्या तारांची भेंडोळी आणि मध्ये काका, चष्मा कपाळावर. लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांनी मावशींच्या हातातून भांडं काढून घेतलं होतं. “तुझे हात कामाचे आहेत, माझे नुसते जोडलेले आहेत,” असं तेव्हा म्हणाले होते. तेव्हापासून भांडी त्यांची, धुणं त्यांचं, फरशीही त्यांचीच. शेजारपाजारचे हसले, काका त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. हाताला लागलेलं पंख्याचं वंगण ते पेट्रोलने काढायचे, पेट्रोलचा वास कपडे धुण्याच्या साबणाने घालवायचे आणि साबणाचा चिकटपणा कढत पाण्याने. हात धुवायची अशी तऱ्हा मावशींच्या दालनात कोणी सांगितली असती तर तिला उभं राहू दिलं नसतं. पण काका म्हणजे काही दालनातले नव्हते.

काकांच्या बोटांना गेले काही महिने काळी चिकटपट्टी असायची, तारेला गुंडाळतात ती. कामाचंच काहीतरी असेल, असं मावशी समजून चालल्या होत्या. मग एका संध्याकाळी काकांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि कपाच्या पांढऱ्या कानावर लाल बोट उमटलेलं दिसलं.

मावशींनी कप खाली ठेवला. “हात.”

“काय?”

“हात दाखवा म्हणते.”

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ठाऊक आहे ना?”

“अहो, दाखवा.”

शेवटी काकांनी हात पुढे केले. मावशींनी एकेक पट्टी सोडवली. प्रत्येक पट्टीला काकांची मान खांद्यात जायची. आतली बोटं पाहून मावशींना पहिल्यांदा कळेच ना की आपण काय बघतोय. कातडी जागोजागी फाटली होती, काही चिरा तर थेट लाल मांसापर्यंत गेल्या होत्या आणि त्या चिरांवर काहीतरी चकाकत होतं.

“हे काय चकाकतंय?”

“ते... चिकटवलंय.”

“काय चिकटवलंय?”

“हातच. तो डिंक नाही का, थेंबभर टाकला की पातंसुद्धा जोडतो तो. छान बसतं गं! दोन दिवस तरी उघडत नाही. फक्त कोपऱ्यावर जरा...”

मावशी एरवी रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि हुंदके देऊन रडल्या. रोज सकाळी दालनभर बायकांचे हात पालथे-उताणे करून बघायचे, कोणाचं कुठलं नख कसं वाढतं तेसुद्धा पाठ, आणि घरात रोज चहाचा कप पुढे करणाऱ्या या दोन हातांकडे एकदाही डोळे वळवायचे नाहीत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की काका त्यांची समजूत काढायला लागले.

“अगं, हातच आहेत. असतातच असे पुरुषाचे.”

“पुरुषाचे असे नसतात. माझ्या घरी नांदणाऱ्या पुरुषाचे असतात!”

कातडीच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी भिंग लावून हात पाहिले, डिंकाची हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, “काका, हा हात आहे, पंखा नाही.” पेट्रोल बंद, कढत पाणी बंद, तो साबण तर खिडकीतून बाहेर टाका, असं त्यांनी बजावलं. रबरी मोज्यांनी काकांच्या हातांना खाज सुटायची म्हणून भांडी-धुणंही बंद झालं आणि त्याला एक बाई लावली. आणि एक पिवळसर, घट्ट मलम दिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ हात कोमट पाण्यात जरा बुडवायचे, टिपायचे आणि ते ओले असतानाच मलम चिरांमध्ये हळूहळू जिरवायचं. वरवर चोपडायचं नाही, जिरवायचं. चिरा भरायला महिने लागतील, म्हणाल्या.

“मी लावतो की माझं मी,” काका घरी येताना म्हणाले.

“लावा,” मावशी म्हणाल्या.

आठवडा झाला तरी मलमाची नळी होती तेवढीच टम्म. “लावलं का?” विचारलं की “लावलं” आणि विजारीच्या दोन्ही मांड्यांवर पिवळे पंजे. थेंबभर काढायचं, हातावरून हात फिरवायचा आणि पंख्याची तार जोडायची घाई असल्यासारखं विजारीला पुसून मोकळं व्हायचं, अशी काकांची पद्धत. शिवाय चिरा पडलेल्या बोटाने चिरा पडलेल्या बोटाला चोळायचं म्हणजे दोन्हीकडून कळ. मग मावशींनी नळी आपल्या ताब्यात घेतली.

सकाळी निघण्याआधी, दुपारी जेवायच्या सुट्टीत धावत घरी येऊन आणि संध्याकाळी परतल्यावर, असं तीन वेळा मावशी काकांचे हात मांडीवर घेऊन बसू लागल्या. पातळ मोजे घालून त्यांनी करून पाहिलं, पण मोज्यातून बोटाला काही कळेना. चीर कुठे सुरू होते, किती खोल जाते, मलम आत गेलं की नुसतं काठावर राहिलं, हे मावशींच्या उघड्या बोटांना न बघता समजायचं. आणि मोजे घालून नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे जरा अतीच, असंही त्यांना वाटलं. दुपारचं शेजारणीला सांगावं म्हटलं, तर काका असे लाजले की तो विषय तिथेच संपला.

खरं सांगायचं तर मावशींना ती वेळ आवडायला लागली होती. इतकी वर्षं दोघं एकमेकांशी बोलली ती पाठमोरी, एक चुलीपाशी, एक मोरीपाशी. आता काका समोर बसून दुकानातल्या गमती सांगायचे. एक गिऱ्हाईक म्हणे पंखा फक्त आवाज करतो, वारा देत नाही म्हणून घेऊन आलं होतं. “मी म्हटलं, अहो आमच्याकडे कारखान्यातली एक तुफान आहे, तिची बहीण दिसते!” मावशी हसायच्या आणि अंगठ्याने मलम जिरवत राहायच्या.

पण मग ते मलम मावशींच्या हातावरून काढायचं कसं? पाणी घातलं तर ते घरंगळून जायचं. सौम्य साबणाला ते दाद देईना. आणि बोटाला कणभर जरी राहिलं तरी धुक्यावर डाग ठरलेला. दुपारची सुट्टी ती केवढी, परतायची घाई. तेव्हा जो साबण काकांच्या हातून हिसकावून मोरीच्या फळीवर ठेवला होता, तोच मावशींनी उचलला. कढत पाणी घेतलं. खसाखसा घासलं. मलम लगेच निघालं.

आपण काय करतोय ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी दुसऱ्यांना ज्यासाठी पुठ्ठ्यावर धाडायचं, तेच आपण कामावर जाण्याआधी सकाळ-दुपार, दिवसातून दोनदा करतोय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण माणूस स्वतःच्या बाबतीत फार उदार असतो. माझे हात काय, इतक्या वर्षांचे कमावलेले आहेत, थोडं सोसतील, असं त्या मनाशी म्हणाल्या. रात्री मोजे चढवताना जरा जास्त मलम घ्यायच्या आणि झोपायच्या.

हातांनी सोसलं, पण थोडे दिवस. आधी नुसती कातडी ताणल्यासारखी वाटायला लागली. मग बोटांच्या पेरांवर पिठासारखं पांढरं दिसू लागलं. मग तर्जनीच्या कडेला एक साल उभी राहिली. मावशींनी ती कात्रीने कापली, दुसरी उभी राहिली. त्या कामाला उशिरा बसू लागल्या, जाड रेशीम मागून घेऊ लागल्या. “डोळे दुखतात गं आज,” असं सांगून धुकं बाजूला सारू लागल्या.

तुफानच्या लक्षात आलं. तोंड कितीही चालो, तिची नजर कधी झोपत नसे. एक दिवस ती मावशींच्या शेजारी येऊन बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “मावशी, धुकं माझ्याकडे सरकवत जा. मी वळते आणि तुमच्या ढिगात ठेवते. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

“तुमचे हात थोडीच कोण तपासणार आहे!”

“म्हणूनच,” मावशी म्हणाल्या आणि उठून पाणी प्यायला गेल्या. पण दुसऱ्या दिवशीही त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या. ती जागा खिडकीखालची होती, सगळ्यात चांगल्या उजेडाची. ती त्यांना सोडवेना.

मग एक मोठी ऑर्डर आली. पांढऱ्या धुक्याची लांबरुंद शाल, आणि साहेबांनी ती स्वतः आणून मावशींसमोर ठेवली. साहेब माणूस भला, पण घाबरट. “मावशी, ही दुसऱ्या कोणाला देऊ नका. एकच तुकडा आलाय.” नाही म्हणायची हीच वेळ होती. मावशी “बरं” म्हणाल्या.

तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला मधोमध त्यांनी कड वळायला घेतली आणि बोट सरकवताना काहीतरी अगदी हलकं खेचल्यासारखं वाटलं. त्यांनी हात तिथल्या तिथे थांबवला. पण उशीर झाला होता. पांढऱ्या धुक्यात एक बारीक, सरळ रेघ आत गेली होती.

दालनात कोणी मान वर केली नाही. फक्त तुफानने केली. ती उठली, जवळ आली, रेघ पाहिली आणि चटकन स्वतःच्या पदराने ती झाकून उभी राहिली.

“विणतानाच राहिलेली रेघ आहे ही,” ती कुजबुजली. “मीच साहेबांना सांगते. माझा आवाज मोठा आहे, त्यांना पटतं.”

मावशींनी शालीची घडी घातली, ती कपाटात ठेवली आणि त्या घरी गेल्या. त्या संध्याकाळी काकांच्या हातांना मलम लावताना त्यांचा अंगठा एका चिरेवरून फिरला आणि त्यांना ती चीर लागलीच नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. चीर होती, डोळ्यांना दिसत होती, बोटाला मात्र कळत नव्हती.

“आज गप्प का?” काकांनी विचारलं.

“दमलेय,” मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी रांग लागली. “हात. हात. हात.” एकेक बाई पुढे सरकत गेली. सगळ्यांत शेवटी तुफान होती, तिचाही हात पार पडला. मग मावशींनी पट्टी तिच्या हातात दिली आणि स्वतः तिच्या समोर उभ्या राहिल्या. आधी पालथे, मग उताणे.

“ओढ.”

“मावशी, हे काय भलतंच! हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“ओढ म्हणते.”

तुफानने पट्टी ओढली, म्हणजे हातावरून एक वीत उंच धरून हवेतून नेली. “पार!” ती मोठ्याने म्हणाली. “बघा सगळ्यांनी, पार पडली!”

“अशी ओढायला शिकवलंय मी तुला?” मावशींनी तिचं मनगट धरून पट्टी आपल्या हातावर टेकवली. “नीट.”

पट्टी मनगटावरून निघाली आणि पहिल्या पेरापाशीच अडली. पुढे प्रत्येक पेरावर अडत गेली. शेवटी तर्जनीला अशी धरून बसली की तुफानला ती सोडवून घ्यावी लागली.

“आता काय म्हणायचं?” मावशींनी विचारलं.

तुफानच्या डोळ्यांत पाणी जमा झालं. “मी नाही म्हणणार.”

“उद्यापासून रोज तुलाच म्हणायचंय. आज माझ्यावर शिकून घे.”

तिने पट्टी बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडवली. मग तुफान म्हणाली, “आज पुठ्ठा,” आणि तोंड फिरवून नाक पुसू लागली.

मावशी आधी साहेबांकडे गेल्या. शाल त्यांच्यापुढे उलगडली, रेघ दाखवली आणि ती कोणाच्या हाताने पडली ते सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, मग शालीकडे पाहिलं, मग मावशींच्या हातांकडे, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तुम्ही हात लावू नका, मावशी, नुसत्या बसा. खिडकीपाशी खुर्ची टाकतो. देखरेख तुमची, काम बायकांचं.”

“माझेच हात धरले जात असताना दुसरीला पुठ्ठ्यावर कुठल्या तोंडाने पाठवू? ऐकतील सगळ्या, पण मला ते ऐकवणार नाही.” मग त्या जरा थांबल्या. “तुफानला द्या ती जागा. बडबड करते, पण बोट चांगलं आहे तिचं.”

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. मावशींनी पहिलं खोकं उचललं, दुमडलं आणि ढिगावर ठेवलं.

काकांना हे मावशींनी सांगितलं नव्हतं. सांगितलं तुफानने, दुकानात येऊन, पंखा दुरुस्तीला आणल्याचा बहाणा करून. त्या संध्याकाळी मावशी पाण्याचं भांडं आणि नळी घेऊन बसल्या, तर काका दोन्ही मुठी काखेत खुपसून बसलेले.

“मूठ उघडा.”

“नाही. आजपासून हे बंद. मला नकोय मलम. तू जा तुझ्या रेशमावर.”

“रेशीम आता मिळायचं नाही मला.”

“मिळेल! हे बंद केलंस तर मिळेल! माझे हात काय गं, फाटले तर फाटले, पंख्याला काय कळतंय? तुझे हात बघायला पोरी यायच्या. आणि त्या हातांनी तू हे...” भांड्याला भांडं लागतं तसं लागणं त्यांच्यात कितीदा झालं असेल, पण काकांचा आवाज असा फुटलेला मावशींनी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “ते हात माझे होते असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. लग्नापासून पाण्यात कोण होतं? माझ्या वाटचं पाणी तुमच्या हातांनी भोगलं, म्हणून माझे तसे राहिले. ते तुमचेच होते हो. वापरले मी, एवढंच.” त्यांनी नाक ओढलं. “मला रेशमाचं वाईट वाटतंय. फार वाटतंय. खोटं कशाला बोलू? पण मूठ उघडली नाहीत तर त्याहून वाईट वाटेल.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग काकांनी काखेतून एक हात काढला आणि पाण्यात बुडवला.

चिरा भरायला महिने लागले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसेच. एकेक करून काळी पट्टी गेली. काकांना तांब्याची तार चिमटीत धरता यायला लागली, सदऱ्याचं बटण लावता यायला लागलं. मावशी पुठ्ठ्यावरच होत्या. खोकी त्या इतकी चौकोनी दुमडायच्या की साहेबांनी एकदा येऊन विनाकारण स्तुती केली.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी काकांनी मावशींना समोर बसवलं आणि नळी हातात घेतली. “आता पाण्याचं खातं राहिलं नाही माझ्याकडे. मलमाचं तरी दे.” पंख्याच्या आसाला वंगण घालावं तसं त्यांनी मलम लावायला सुरुवात केली, भरपूर आणि गोल गोल. मावशी म्हणाल्या, “अहो, जिरवा, जिरवा! गाडी नाही मी.” दोघांच्याही कोपरापर्यंत पिवळं झालं होतं, आणि नेमकी दारावर थाप पडली.

“कडी कोण काढणार?” काकांनी विचारलं. दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघून हसायला लागली. शेवटी काकांनी कोपराने कडी सरकवली.

तुफान होती. चेहरा उतरलेला आणि हातात स्वच्छ कापडात गुंडाळलेलं काहीतरी. “मावशी, धुक्याचा कोपरा जमत नाहीये. बाजू होतात, कोपऱ्यावर गाठ येते. साहेबांकडून सरावाला तुकडा मागून आणलाय. उद्या खरं रेशीम यायचंय.”

मावशी तटकन उठल्या, तुकड्याकडे दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. हात मलमाने माखलेले. त्यांनी ते पटकन पाठीमागे नेले.

“उजेडात बस,” त्या म्हणाल्या. “उलगड. आता बाजू कोपऱ्याच्या अलीकडे सोड. अजून अलीकडे. हां. बोट ओलं कर. इतकं नाही गं, वाफ लागल्याएवढं. टोक आत घे. ओढू नकोस, नुसतं बोलाव.”

“येत नाही, मावशी.”

“येतं. थांब, घाई नको. अंगठा पुढे, बोट मागे. रेशमाला वाटायला हवं की ते आपणहून वळलं.”

तुफानची जीभ बाहेर आली होती, कपाळावर घाम आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती काही न बोलता काम करत होती. मावशी तिच्यावर वाकून उभ्या होत्या, श्वास धरून, एक पाऊल अंतर राखून, आणि तो तुकडा इतका जवळ होता की हात पुढे करण्याचं त्यांना फार मन झालं. पाठीमागे त्यांचा अंगठा आणि तर्जनी कधी हलायला लागली ते त्यांनाही कळलं नाही. पुढे, मागे. रिकाम्या हवेतच ती वळत होती.

काका मागे उभे होते. त्यांनी खांद्यावरचा जुना, धुऊन धुऊन विरलेला टॉवेल काढला आणि त्याचं एक टोक हळूच मावशींच्या चिमटीत दिलं.

मावशींनी वळून पाहिलं नाही. तुफानच्या बोटांवरची नजरही काढली नाही. “आता टाका घे,” त्या म्हणाल्या, “अगदी छोटा,” आणि पाठीमागे त्यांच्या बोटांनी टॉवेलची कड वळायला घेतली.